कॉटनचं सूत

गॅरेजच्या भिंतीला टेकून एखादी गंजलेली, नाव-गाव नसलेली मोटरसायकलची फ्रेम उभी आहे आणि पुढे काय करायचं ते सुचत नाहीये, अशा माणसांसाठी हे लिहिते आहे. मला सगळं मिळून पावणेतीन वर्षं लागली. त्यातली निम्मी नुसती वाट बघण्यात गेली. कशाची वाट बघावी लागते आणि तोवर काय करता येतं, हे आधी कळलं असतं तर बऱ्याच रात्री नीट झोप लागली असती.

ऑक्टोबर २०२१. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डला जुन्या मोटरसायकलींचा मेळा भरतो, एप्रिलमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा. मी कॉव्हेंट्रीहून माझ्या बीएसए बॅन्टमसाठी कार्ब्युरेटर शोधायला गेले होते. सुट्या भागांच्या बाजारात शेवटच्या रांगेत एका टेबलामागे, ताडपत्रीखाली एक फ्रेम दिसली. तिच्यात एकही नळी वाकवलेली नव्हती. सगळ्या सरळ. हँडलच्या मानेपासून निघालेल्या लांब नळ्या थेट मागच्या चाकाच्या आसापर्यंत गेल्या होत्या आणि बाकीच्या नळ्यांनी त्यांच्यात त्रिकोण भरले होते. पुलाच्या कैचीसारखं काहीतरी. विकणारा म्हणाला, शेतावरच्या गोठ्यातून आली आहे, विसाच्या दशकातली असावी, कोणाची ते माहीत नाही. ५५० सांगितले, ४८० पौंडांना दिली.

तिथे मी एक गोष्ट नशिबाने बरोबर केली. पावती घेतली. विकणाऱ्याचं नाव, पत्ता, सही, तारीख, आणि फ्रेमवर जेवढा नंबर दिसत होता तेवढा त्यानेच लिहिलेला. पुढे अडीच वर्षांनी हा कागद कामाला आला. रोख पैसे देऊन हात हलवत निघू नका.

मी हिशेबाचं काम करते, यंत्रांचं नाही. पण माझे बाबा आयुष्यभर लेथवर होते आणि लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या शेडमध्येच असायचे. त्या रात्री व्हिडिओ कॉलवर त्यांना फ्रेम दाखवली. मी वायर ब्रश हातात घेतला होता. ते म्हणाले, “तो ब्रश ठेव खाली. आधी नंबर. नंबर गेला की चासी भंगार.”

नंबर वाचायला तीन आठवडे लागले. तो मानेच्या लगवर होता. (लग म्हणजे नळ्या ज्यात बसवतात तो ओतीव सांधा. या फ्रेमा वेल्डिंगच्या नसतात. नळी लगमध्ये घालायची, पिन मारायची आणि फटीत वितळलेलं पितळ ओढून घ्यायचं, ही तेव्हाची रीत.) नंबरावर रंगाचे चार-पाच थर होते. जेलसारखा रंग काढायचा लेप लावला, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला, मग जुन्या टूथब्रशने पांढरं स्पिरिट. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून मास्क आणि हातमोजे घातलेच पाहिजेत, आणि कोरडं घासायचं नाही. धातू उघडा पडल्यावर खोली अंधारी केली आणि टॉर्च अगदी आडवा, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरला. समोरून न दिसणारे आकडे सावलीत उठून आले. मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने ठसा घेतला. एक आकडा तीन की आठ ते कळेना. सात ठसे घेतले, वेगवेगळ्या दिशांनी. सातपैकी पाचांत डावीकडची कमान बंद दिसली, म्हणजे आठ.

याच काळात एका ओळखीच्या गृहस्थांनी, अगदी चांगल्या मनाने, सुचवलं की नंबर पंचाने पुन्हा ठोकून घे, स्वच्छ दिसेल. मी नाही म्हटलं, आणि तुम्हीही नाहीच म्हणा. जुन्या पंचाची खोली, आकड्यांचं वळण, त्यांच्यातलं वेडंवाकडं अंतर हा सगळा पुरावा असतो. नवा ठोकलेला नंबर बघणाऱ्याच्या मनात संशयच उभा करतो, आणि तो संशय पुन्हा पुसता येत नाही.

आता ही कोणाची? सरळ नळ्यांच्या फ्रेमा त्या काळात ब्रिटनमध्ये मोजक्याच कारखान्यांनी केल्या. माझ्यासमोर तीन नावं होती.

पहिलं शिपलीच्या स्कॉटचं. स्कॉटची फ्रेमही सरळ नळ्यांची, पण ती वरून उघडी असते आणि तिच्यात पाण्याने गार होणारं टू-स्ट्रोक इंजिन बसतं. माझ्या फ्रेमच्या इंजिन प्लेटा पाहिल्यावर ते नाव पाच मिनिटांत बाद झालं.

दुसरं फ्रान्सिस-बार्नेट, आणि यात मी दोन महिने अडकले. कारण ती कॉव्हेंट्रीची, माझ्या गावची. १९२३ पासून त्यांनी त्रिकोणी रचनेच्या फ्रेमा काढल्या आणि जाहिरातीत ‘पुलासारखी बांधलेली’ म्हणून मिरवल्या. ती माझ्या गावची असावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि वाटायला लागलं की डोळे तेच शोधतात. डिसेंबरात कॉव्हेंट्री ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये गेले आणि तिथल्या गाडीसमोर बराच वेळ उभी राहिले. फ्रान्सिस-बार्नेटच्या नळ्या बोल्टने जोडलेल्या असतात, सुट्या करता येतात. माझ्या फ्रेममध्ये तसा एकही बोल्ट नव्हता. सगळे सांधे लगचे आणि पितळेचे. बसने घरी येताना मन खट्टू होतं, पण उत्तर मिळालं होतं.

राहिलं तिसरं नाव: कॉटन, ग्लॉस्टर.

फ्रँक विलोबी कॉटन हा गृहस्थ पहिल्या महायुद्धाआधी डोंगर चढायच्या शर्यती करायचा. त्या काळच्या मोटरसायकलची फ्रेम म्हणजे जाड केलेली सायकलच. इंजिनाचा जोर वाढला की ती पिळवटायची. नळी वाकवली की ती स्प्रिंगसारखी वागते, सरळ ठेवली तर ताण आणि दाब लांबीच्या दिशेनेच सोसते, हे त्याने धरलं आणि मानेपासून मागच्या आसापर्यंत सरळ नळ्या नेऊन त्रिकोण पुरे केले. १९१४ मध्ये पेटंट घेतलं. युद्ध संपल्यावर ग्लॉस्टरमध्ये कारखाना काढला. इंजिनं, गिअरबॉक्स, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) बाहेरून विकत घेतलेले. कॉटनचं स्वतःचं म्हणजे ही फ्रेम. १९२३ मध्ये आयल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या प्रसिद्ध शर्यतीच्या ज्युनियर वर्गात स्टॅनली वुड्स नावाचा एकोणीस वर्षांचा आयरिश मुलगा ब्लॅकबर्न इंजिनाच्या कॉटनवर जिंकला. पुढे त्याने एकूण दहा टीटी जिंकल्या, त्यातली ही पहिली. १९२६ च्या लाइटवेट टीटीत पहिले तिन्ही क्रमांक कॉटनचे होते.

हे वाचत असताना बाबांचा फोन आला. “कॉटन? म्हणजे सूत की काय? मग सूत लावूनच बघ की.”

ते थट्टा करत नव्हते. सूत लावणं म्हणजे ताणलेल्या दोऱ्याने सरळपणा तपासणं. आणि आमच्याकडे कारखान्यात सूत हे मापही आहे, इंचाचा आठवा भाग. मी व्हर्नियरने नळ्यांचे बाहेरचे व्यास मोजून ठेवले होते आणि मिलिमीटरमधले ते अर्धवट आकडे मला काहीच सांगत नव्हते. बाबांना वाचून दाखवले, तर त्यांनी फोनवरच भराभर सुतात करून टाकले. “इंचातली आहे. मिलिमीटरमध्ये कशाला बघतेस?” त्या दिवसापासून माझी वही इंचात आणि सुतात आहे. ब्रिटिश जुन्या गाडीचं कुठलंही माप मिलिमीटरमध्ये विचित्र आलं, तर आधी इंचात करून बघा.

दोरा लावल्यावर दुसरी गोष्टही समजली. बाकीच्या फ्रेमांत नळी मुळातच वाकवलेली असते, त्यामुळे अपघातात किती वाकली ते कळायला मूळ नकाशा लागतो. कॉटनमध्ये नकाशाची गरज नाही. नळीच्या दोन टोकांना दोरा ताणून धरा. मध्ये फट दिसली, तर नळी वाकली आहे. माझ्या फ्रेमची डावी खालची नळी मध्यावर सुतापेक्षा थोडी जास्त आत गेली होती. बाकी सगळ्या शंभराच्या आसपास वय असूनही सुतासारख्या सरळ. त्या संध्याकाळी ही फ्रेम पहिल्यांदा आपली वाटली.

साल ठरवायला फ्रेमवरच्या बारीकसारीक खुणा वाचाव्या लागल्या. मागच्या ड्रम ब्रेकचा दांडा अडकवायची जागा होती. विसाच्या दशकाच्या सुरुवातीला चाकाच्या वेगळ्या रिमवर घासणारे ब्रेक असत, त्यासाठीची एकही खूण नव्हती. टाकी वरच्या नळ्यांच्या मध्ये बसवायच्या कड्या होत्या. नळ्यांवर घोड्याच्या खोगिरासारखी बसणारी टाकी ब्रिटनमध्ये १९२८-२९ च्या सुमाराला सर्वत्र आली, म्हणजे ही त्याआधीची. डाव्या इंजिन प्लेटच्या बाहेरच्या अंगाला घासलेला, चकचकीत झालेला एक कमानीसारखा पट्टा होता. तो काय ते मला समजेना. कॉटन मालकांच्या क्लबच्या एका जुन्या सदस्यांनी फोटो पाहताच सांगितलं: ब्लॅकबर्न. सरेतल्या बुकहॅमच्या या इंजिनांचं फ्लायव्हील केसच्या बाहेर, उघड्यावर फिरायचं. कधीतरी बेअरिंग ढिलं झालं असणार आणि चाक प्लेटला घासलं असणार.

जानेवारी २०२२ मध्ये कॉटन ओनर्स अँड एन्थुझिअस्ट्स क्लबला रीतसर पत्र पाठवलं. सोबत चौदा फोटो, पेन्सिलीचे तीन ठसे, मापांचा तक्ता आणि पावतीची प्रत. फोटो काढताना प्रत्येक चौकटीत मोजपट्टी ठेवा, आणि नंबराचा एक जवळचा आणि एक लांबचा फोटो काढा, म्हणजे तो नंबर याच फ्रेमवर आहे हे दिसतं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं: कॉटन, १९२६, साडेतीनशे सीसीच्या इंजिनासाठीची.

१९२६ वाचल्यावर माझ्या डोक्यात त्या वर्षीचे तीन क्रमांक नाचायला लागले हे कबूल करते. पण लाइटवेट म्हणजे अडीचशेचा वर्ग, आणि माझी फ्रेम साडेतीनशेची. ती कोणीतरी कामावर जायला-यायला वापरलेली साधी गाडी होती. मला ते आवडलं.

एप्रिलमध्ये वाळू मारायला दिली. ७० पौंड. त्याआधी नंबरावर शिशाचा पातळ पत्रा ठोकून बसवला आणि वर रबरी टेपचे सहा वेढे दिले. मानेतल्या बेअरिंगच्या वाट्या आणि सगळे आटे बुच मारून बंद केले. हे काम करणाऱ्यावर सोपवू नका, स्वतः करून न्या.

वाळूने रंग गेला आणि खरी अवस्था दिसली. डाव्या खालच्या नळीला आतून गंज लागून टाचणीएवढी दोन भोकं पडली होती. साइडकार लावायला कोणीतरी आवळलेल्या क्लॅम्पने तीच नळी चेपली होती. आणि सीटखालच्या लगला तडा गेल्यावर कधीतरी विजेच्या वेल्डिंगने तो भरला होता. हे लग मॅलिएबल ओतीव लोखंडाचे असतात. वेल्डिंगच्या झटक्याच्या उष्णतेने ते लोखंड वेल्डच्या कडेला काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. तडा भरतो आणि शेजारी नवा पडतो. रंग शोषणाऱ्या द्रवाने तपासणी केली (लाल द्रव लावायचा, पुसायचा, पांढरी पूड फवारायची, तड्यातून लाल रेघ उमटते) तेव्हा वेल्डच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघा उमटल्या. त्या रात्री मी फ्रेम विकून टाकायचा विचार केला. खरंच केला.

ब्लॅक कंट्रीत (बर्मिंगहॅमजवळचा जुना कारखान्यांचा पट्टा) या प्रकारचं काम करणारे एक वयस्कर कारागीर आहेत. क्लबनेच नाव दिलं. मे महिन्यात फ्रेम त्यांच्याकडे गेली आणि सप्टेंबरात परत आली. मजुरी ३९० पौंड. मधल्या चार महिन्यांत मी दोनदा जाऊन बसले, कारण मला बघायचं होतं.

आधी त्यांनी लगमधल्या पिना शोधून ड्रिलने काढल्या. पिना राहिल्या तर पितळ वितळलं तरी नळी निघत नाही, आणि जोर केला तर लगच फाटतो. मग दोन बाजूंनी ज्योत धरून लग हळूहळू लाल केला, नळी फिरवत फिरवत ओढून घेतली. जुनं पितळ आतून साफ केलं. तडा गेलेल्या लगमधला वेल्ड कापून काढला, खाच केली आणि ती पितळेने भरली. पितळ लोखंडाला न वितळवता धरून ठेवतं, म्हणून मॅलिएबलला ते मानवतं. टाकणखाराचा लेप लावताना ते म्हणाले की जोड तापतो किती यापेक्षा गार कसा होतो ते महत्त्वाचं. पाणी नाही, पंखा नाही. राखेत झाकून ठेवायचा आणि घरी जायचं.

नवी नळी कुठली घ्यायची यावर आमचा थोडा वाद झाला. मला रेनल्ड्सची ५३१ हवी होती, कारण नाव ऐकलेलं होतं. त्यांनी मान हलवली. ५३१ आली १९३५ मध्ये, या फ्रेमनंतर नऊ वर्षांनी. इथे साधी, थंड ओढलेली बिनजोडाची पोलादी नळीच शोभते, तेवढ्याच व्यासाची आणि तेवढ्याच जाडीची. शिवाय एकच नळी जास्त ताठ केली तर ताण शेजारच्या लगवर जातो. पटलं. काढलेली जुनी नळी मी मागून घेतली, ती अजून जपून ठेवली आहे. तपासणीच्या वेळी तिचाही उपयोग झाला: दुरुस्ती नेमकी काय झाली ते हातात धरून दाखवता आलं.

परत आल्यावर सरळपणा पुन्हा तपासला. स्वयंपाकघराचा ग्रॅनाइटचा ओटा घरातला सगळ्यात सपाट पृष्ठभाग निघाला. मानेत घट्ट बसणारा गोल दांडा घातला, मागच्या आसाच्या जागी दुसरा, आणि दोन्हींना काटकोन्या लावून बघितलं. मागची टोकं एकमेकांच्या तुलनेत एक सूत वर-खाली होती. कारागिरांनी दुसऱ्या खेपेला ते काढून दिलं, वेगळे पैसे न घेता.

आट्यांबद्दल दोन शब्द. या गाड्यांवर बऱ्याच ठिकाणी सायकलचे आटे असतात, इंचाला २६. व्हिटवर्थचे आटे ५५ अंशांचे, सायकलचे ६० अंशांचे. चुकीचा बोल्ट दोन-तीन वेढे जातो, वाटतं बसला, आणि मग शंभर वर्षांचे आटे ओरबाडून टाकतो. आटे मोजायची पट्टी दहा-बारा पौंडांना मिळते. ती नसेल तर पाना हातात घेऊच नका. मानेतल्या वाट्या आणि सुटे छर्रे मिळून ९५ पौंड गेले.

रंग. पावडर कोटिंग स्वस्त आणि टिकाऊ, पण त्याचा थर जाड बसतो, नंबर भरून जातो, आणि खाली तडा गेला तरी वरून दिसत नाही. मी इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर काळा एनॅमल असा मार्ग घेतला, ब्रशने, दोन थरांमध्ये बारीक पाणपेपर. सामान १४० पौंडांचं. नंबराच्या जागी प्रायमरचा एकच पातळ हात आणि काळ्याचा एक. नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रेम उभी राहिली. इथपर्यंतचा फ्रेमचा खर्च ११७५ पौंड.

मला वाटलं होतं, फ्रेम झाली की नोंदणीचं बघू. पण नुसत्या फ्रेमची नोंदणी होत नाही. पूर्ण गाडी लागते.

नोंदणीचे दोन रस्ते माझ्यासमोर होते. गाडीचा पाटीवरचा मूळ नंबर परत मिळवायचा असेल तर व्ही ७६५ नावाचा अर्ज असतो. त्यासाठी तो नंबर आणि ही फ्रेम यांना जोडणारा जुना कागद लागतो: जुनं लॉगबुक किंवा तेव्हाच्या कौन्सिलच्या नोंदवहीतली नोंद. १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत ज्या गाड्या स्वॉन्झीच्या (म्हणजे डीव्हीएलए या गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) संगणकावर चढल्या नाहीत, त्यांचे नंबर तिथे सापडत नाहीत. नोंदवह्यांपैकी काही जिल्ह्यांच्या अभिलेखागारांत आहेत, काही ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टमध्ये, बऱ्याच नष्ट झाल्या. आणि वह्या गाडीच्या नंबराच्या क्रमाने लिहिलेल्या असतात. माझ्याकडे नंबरच नव्हता, फक्त फ्रेमचा आकडा. हा रस्ता बंद.

दुसरा रस्ता, वेगवेगळ्या ठिकाणच्या अस्सल जुन्या भागांतून जोडलेल्या गाडीचा. माझ्या अर्जाच्या वेळच्या नियमांत सगळे मुख्य भाग खरे, पंचवीस वर्षांहून जुने आणि त्याच धाटणीचे असावे लागत. नव्याने बनवलेली नक्कल चालत नसे. डीव्हीएलएच्या यादीतल्या क्लबने गाडी प्रत्यक्ष पाहून तसं लिहून द्यायचं, आणि मिळणारा नंबर सगळ्यात नव्या भागाच्या सालाप्रमाणे. नंतर नियमांत बदल झाले आहेत, तेव्हा अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर आजचा मजकूर वाचा.

२०२३ चं अख्खं वर्ष भाग जमवण्यात गेलं, त्याबद्दल फार लिहीत नाही. ब्लॅकबर्नचं साइडव्हॉल्व्ह इंजिन १६५० पौंड. गिअरबॉक्स ३८०. वेब कंपनीचे फोर्क ५५०. चाकं ६२०. टाकी ३००, तिचा सडलेला तळ बदलायला १८०. मॅग्नेटोचं वाइंडिंग २१०. इंजिन प्लेटांच्या भोकांत बसलं तेव्हा, आणि बाहेरचं फ्लायव्हील त्या घासलेल्या कमानीसमोर आलं तेव्हा, मी एकटीच गॅरेजमध्ये होते. बराच वेळ तिथेच खाली बसून राहिले.

मार्च २०२४ मध्ये क्लबची तपासणी झाली. दोन तास. फोर्क १९२८ चे निघाले. म्हणजे १९२६ च्या फ्रेमला १९२८ च्या वयाचा नंबर. तपासणाऱ्यांनी विचारलं, दोन वर्षं आधीचे फोर्क शोधायचे आहेत का? मी नाही म्हटलं. पत्रात जे आहे तेच लिहून घेतलं, बदललेल्या नळीसकट.

एप्रिलमध्ये लखोटा पाठवला. त्यात होतं: व्ही ५५/५ अर्ज, ५५ पौंडांचा नोंदणी शुल्काचा चेक, जोडलेल्या गाडीचा तपासणी अहवाल व्ही ६२७/१, क्लबचं पत्र, ओळखीच्या आणि पत्त्याच्या कागदांच्या प्रती, एमओटीतून (गाडीच्या वार्षिक सुरक्षा तपासणीतून) सूट असल्याचं घोषणापत्र व्ही ११२, खरेदीच्या सगळ्या पावत्यांच्या प्रती आणि फोटो. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला २०१८ पासून एमओटी लागत नाही, आणि ऐतिहासिक वर्गाचा कर शून्य आहे. पण शून्य असला तरी कराचा रकाना भरावाच लागतो. व्ही ५५/५ मध्ये आजच्या मोटारींसाठीचे पुष्कळ रकाने आहेत, धुराचे आकडे वगैरे. ते कोरे सोडले. काळी शाई, मोठी अक्षरं. पाठवण्याआधी प्रत्येक पानाची प्रत काढून तारखेसह फायलीत लावली, आणि सहीने घ्यायच्या पोस्टाने पाठवलं.

जूनमध्ये पत्र आलं. फ्रेमच्या नंबराचा आणखी एक फोटो हवा होता, आजच्या स्थितीतला. पोटात गोळा आला. रंगाचा एकच पातळ हात दिला होता म्हणून आडव्या टॉर्चमध्ये आकडे वाचता आले. सोबत २०२१ चे पेन्सिलीचे ठसे जोडले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात व्ही५सी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, आलं. दोन अक्षरं, चार आकडे, विसाच्या दशकातल्यासारखा नंबर, जो दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही. डीव्हीएलएचे ५५ धरून एकूण खर्च ५१२० पौंड झाला. पेट्रोल आणि पोस्ट यात धरलेलं नाही.

काळ्या पाटीवर चंदेरी अक्षरं करून घेतली. पहिल्या फेरीला गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले, एवढंच. हँडल हातात अजिबात वळवळत नाही. बाबांनी फोनवर आवाज ऐकला, मग म्हणाले, “नंबर दाखव.” कॅमेरा मानेच्या लगपाशी नेला, टॉर्च आडवा धरला. त्यांनी आकडे मोठ्याने वाचले. आठ त्यांनाही आठच दिसला.

मापांचा तक्ता मी क्लबला दिला आहे, प्रत्येक नळीचा व्यास, जाडी, लांबी आणि लगांवरच्या ओतीव खुणा धरून. तुमच्याकडच्या फ्रेममध्ये मानेपासून मागच्या आसापर्यंत सरळ नळ्या असतील आणि सांध्यांत बोल्ट नसतील, तर वायर ब्रश खाली ठेवा आणि आधी त्यांना लिहा. माझ्या गाडीला मागचा मडगार्ड अजून मिळालेला नाही. ऑक्टोबरात पुन्हा स्टॅफर्डला जाणार आहे.